शैक्षणिक नेतृत्वातील पीएच.डी. : ग्रामीण विदर्भातील सेवारत मुख्याध्यापकांचा अभ्यास

शाळा कशी चालते, ती चालवणारा कोणते निर्णय कशाच्या आधारे घेतो आणि त्या निर्णयांनी मुलांच्या शिकण्यात काय फरक पडतो, याचा संशोधनाच्या शिस्तीने केलेला अभ्यास म्हणजे शैक्षणिक नेतृत्वातील पीएच.डी. ग्रामीण विदर्भात जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांच्या गटावर, म्हणजे केंद्रावर, देखरेख करणारे), विस्तार अधिकारी किंवा आश्रमशाळेचे प्रमुख नोकरी सांभाळून हा अभ्यास करतात. पदवी सहसा शिक्षणशास्त्राची असते. नेतृत्व किंवा प्रशासन हा प्रबंधाचा विषय असतो.

अमेरिकेत शाळाप्रमुखांसाठी एड.डी. (डॉक्टर ऑफ एज्युकेशन) ही वेगळी पदवी आहे. हार्वर्डने ती 1920 मध्ये सुरू केली. 2007 पासून विद्यापीठांच्या कार्नेगी प्रकल्पाने तिची नव्याने मांडणी केली आणि रोजच्या कामातला प्रश्नच प्रबंधाचा गाभा मानला. भारतात ही पदवी रुजली नाही. त्यामुळे मेळघाटातल्या धारणीचा मुख्याध्यापक आणि महाविद्यालयातला पूर्णवेळ संशोधक एकाच नियमावलीखाली येतात.

ती नियमावली म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2022 चे विनियम. किमान 3 वर्षे, कमाल 6 वर्षे, महिलांना आणखी 2 वर्षांपर्यंत सवलत. कोर्सवर्क, म्हणजे सुरुवातीचा वर्गातला अभ्यासक्रम, किमान 12 श्रेयांकांचे (क्रेडिटचे). प्रवेशासाठी पदव्युत्तर परीक्षेत 55 टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गांना 5 टक्के सूट आहे. अर्धवेळ पीएच.डी.ला मान्यता आहे, दूरशिक्षणाने मात्र ती करता येत नाही. नोकरदाराला कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्यात गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कार्यमुक्त करण्याची हमी असावी लागते. कागदावर ही ओळ छोटी दिसते. दोन शिक्षकी शाळेत एकाला कार्यमुक्त केले, तर उरलेल्या एकाने चार वर्ग सांभाळायचे असतात.

या भागातला 'शाळा प्रशासक' कोण, हे इथे स्पष्ट केले पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार पहिली ते पाचवीला 150 पेक्षा जास्त मुले असतील, तरच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. खेड्यातल्या बहुतेक शाळांचा पट त्याच्या जवळपासही नसतो. तिथे प्रभारी मुख्याध्यापक असतो : तोच दोन वर्गांना एकत्र शिकवतो, पोषण आहाराचा तांदूळ मोजून देतो, यू-डायस या सरकारी नोंदप्रणालीत शाळेची माहिती भरतो आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेचे इतिवृत्तही लिहितो. त्याच्यासाठी संशोधनाची वेळ म्हणजे रात्र आणि उन्हाळा. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा आठवडा-दोन आठवडे उशिरा उघडतात. प्रबंधाची बरीच पाने त्याच दिवसांत लिहून होतात.

नागपूर (1923), अमरावती (1983) आणि गडचिरोलीचे गोंडवाना (2011) ही इथली तीन बहुविद्याशाखीय राज्य विद्यापीठे. गोंडवाना विद्यापीठाने गडचिरोली-चंद्रपूरच्या शिक्षकांचा नागपूरचा हेलपाटा वाचवला, तरी जिल्ह्याच्या दक्षिण टोकाच्या सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे 200 किलोमीटरांवर आहे. धारणीहून परतवाड्यामार्गे अमरावतीला यायचे तर घाट उतरून 150 किलोमीटरांच्या आसपास प्रवास होतो. गाइडची सही घ्यायला गेलेल्याचा अख्खा दिवस जातो, आणि त्या दिवसाची किरकोळ रजा पडते. केंद्रप्रमुख किंवा विस्तार अधिकारी होण्यासाठी पीएच.डी.ची अट नाही. तरीही लोक हे करतात, याचे मोल मोठे आहे.

खरी अडचण विषयाची आहे. 'मुख्याध्यापकांच्या नेतृत्वशैलीचा शिक्षकांच्या कार्यसमाधानावर होणारा परिणाम' अशा शीर्षकाचा आराखडा विद्यापीठाच्या समितीत लवकर मंजूर होतो. मग प्रश्नावली छापायची, ती तालुक्यातल्या शाळांत वाटायची आणि टक्केवारी काढायची. ही पद्धत मुळात चुकीची नाही. पण प्रश्नावली देणारा स्वतःच साहेब असेल, तर? केंद्रप्रमुखाने हातात दिलेला कागद घेऊन शिक्षक विचारतो, "सर, कोणत्या रकान्यात खूण करू?" त्या क्षणी ती माहिती संशोधनाच्या कामाची उरत नाही. म्हणून सेवारत संशोधकाने आपल्या हाताखालच्या शाळा नमुन्यात घेऊ नयेत, किंवा प्रश्नावली तिऱ्हाइताकडून भरून घ्यावी. आपल्याकडच्या मार्गदर्शनात या मुद्द्यावर जितका भर हवा तितका दिला जात नाही.

याउलट, बाहेरच्या संशोधकाला सहजी न मिळणारी सामग्री मुख्याध्यापकाच्या कपाटात पडलेली असते. मेळघाटातल्या एखाद्या शाळेचा हजेरीपट उघडावा. दिवाळीनंतर कोरकू कुटुंबे मजुरीला खाली उतरतात आणि पानांवर गैरहजेरीच्या खुणा ओळीने दिसू लागतात; होळीला माणसे परततात, तशी नावांपुढे पुन्हा हजेरी लागते. कापूस पट्ट्यात वेचणीच्या दिवसांत मोठ्या वर्गांचे हेच होते. एका गावात मुले आजीकडे राहून शाळेत येतात, शेजारच्या गावात आईबापांसोबत जातात. गावात मागे राहिलेल्या मुलांसाठीचे हंगामी वसतिगृह एका ठिकाणी चालते, दुसऱ्या ठिकाणी त्याचा प्रस्तावही जात नाही. हा फरक कशाने पडतो? मुख्याध्यापक पालकांशी सप्टेंबरातच बोलला होता का, शाळा व्यवस्थापन समितीत स्थलांतर करणाऱ्या घरातले कोणी होते का, वर्गात कोरकू किंवा गोंडी बोलणारे कोणी होते का? दहा वर्षांचे हजेरीपट आणि सभांची इतिवृत्ते शेजारी ठेवली, की यातून नेतृत्वाचा अस्सल प्रबंध उभा राहतो.

शिक्षणाचा विचार खेड्यातल्या कामातून घडवण्याची रीत या मातीला नवी नाही. 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींची नई तालीम, म्हणजे हातकामातून शिक्षण, मांडली गेली आणि पुढे सेवाग्रामात ती रोज करून पाहिली गेली.

मान्य झालेल्या प्रबंधाची ई-प्रत 'शोधगंगा' या राष्ट्रीय संग्रहात जाते. ज्या शाळांवर तो लिहिला, तिथे तो क्वचितच परत येतो. त्यासाठी केंद्रातली मासिक शिक्षण परिषद ही हाताशी असलेली जागा आहे. तिथे अर्धा तास मिळाला आणि संशोधकाने हजेरीपटाची ती पाने पुढे ठेवली, तर समोर बसलेले शिक्षक आपापल्या शाळेतल्या घरांची नावे सांगू लागतात.