पार्श्वभूमी: मित्र गेला की सुतक कुणाला?

पेपरातली निधनाची छोटी जाहिरात वाचताना एक ओळ कायम दिसते, 'आप्तेष्ट व मित्रपरिवार'. आप्तेष्ट वेगळे आणि मित्र वेगळे, आणि मित्र शेवटी. आयुष्यभराचा दोस्त गेल्यावर माणूस एवढा एकटा का पडतो याचं बरंचसं उत्तर मला त्या 'व' मध्ये दिसतं, म्हणून ही पार्श्वभूमी लिहितोय.

सुतकाचा हिशोब सगळ्यांना माहीत आहे, तो परत मांडत नाही. फक्त एवढंच बघा की तो सगळा रक्ताचा आणि लग्नाचा आहे. सात पिढ्यांच्या आतला भाऊबंद, ज्याचं तोंड तुम्ही दोन लग्नांत पाहिलं असेल, तो गेला तर दहा दिवस. मामा गेला तर दीड दिवस. आणि ज्याच्यासोबत पहिलीच्या बाकावर बसलात, ज्याच्या बापाच्या तिरडीला खांदा दिलात, तो गेला तर घरी येऊन आंघोळ आणि दुसऱ्या दिवशी ऑफिस. कुणी भेटायला येत नाही, कुणी पिठलं-भात आणून देत नाही, कारण भेटायला जायचं ते 'त्यांच्या घरच्यांना'. मुसलमानांमधे नवरा गेलेली बाई सोडून बाकी कुणासाठीही शोक तीन दिवसच पाळायचा असा दंडक आहे, पण तिथे निदान 'कुणासाठीही' म्हटलंय, त्यात मित्र बसतो.

पण आपल्याकडे मित्राला जागाच नव्हती असंही नाही, आणि इथेच तो घोळाचा शब्द येतो, आप्त.

पितृपक्षातल्या महालयाला कुणाकुणाच्या नावाने पाणी सोडायचं त्याची यादी एका श्लोकात आहे. 'ताताम्बात्रितयं' अशी सुरुवात होते, म्हणजे आईवडील, आजी-आजोबा, पणजी-पणजोबा, मग आईकडचे, बायको, मुलं, काका, मामा, आत्या, मावशी, बहिणी, सासरे, गुरू, आणि शेवटाकडे 'शिष्याप्ताः'. शिष्य आणि आप्त. आता सगळे नातेवाईक आधीच एकेक करून मोजून झालेत, तर मग शेवटी हा आप्त कोण उरला? संस्कृतात आप्त म्हणजे भरवशाचा माणूस, ज्याच्या शब्दावर डोळे झाकून विश्वास ठेवावा असा. न्यायसूत्रात तर 'आप्तोपदेशः शब्दः' म्हटलंय, म्हणजे आप्त जे सांगेल ते प्रमाण. मराठीत 'आप्तवाक्य' म्हणतो तेव्हा तोच जुना अर्थ अजून जिवंत असतो, पण नुसतं 'आप्त' म्हटलं की आपल्याला काका-मामा आठवतात. शब्द आकसत आकसत नात्यागोत्यात जाऊन बसला आणि मित्र बाहेर राहिला.

यावर गुरुजी लोकांत एकमत नाही. काही म्हणतात आप्त म्हणजे राहिलेले लांबचे नातेवाईक, मित्राबित्राचं काही नाही. काही सरळ विचारतात, कुणी मित्र गेलाय का, नाव सांगा. मी दोन्ही बाजू ऐकल्या आहेत आणि माझं मत दुसऱ्या बाजूचं आहे हे लपवत नाही, श्लोकाची रचनाच ते सांगते, नातेवाईक संपल्यावर गुरू, शिष्य आणि आप्त येतात, हे तिघेही रक्ताचे नाहीत, आपण जोडलेले आहेत. अडचण पुढे येते. तर्पणात नावासोबत गोत्र सांगावं लागतं, आणि मित्राचं गोत्र कुणाला माहीत असतं? माझा दोस्त आणि मी, आम्हाला एकमेकांचं चपलेचं माप माहीत होतं, उधारी माहीत होती, पन्नास वर्षांत गोत्र विचारायची वेळच आली नाही. गोत्र माहीत नसेल तर कश्यप म्हणायची सोय आहे. आणि मित्र वेगळ्या जातीचा, वेगळ्या धर्माचा असेल तर शेवटचा तो मंत्र आहेच, 'येऽबान्धवा बान्धवा वा', जे बांधव आहेत आणि जे नाहीत तेही, सगळे तृप्त होवोत.

दुसरा उलटा झालेला शब्द म्हणजे तिलांजली. सिगरेटला तिलांजली दिली म्हणजे कायमची सोडली. 'पाणी सोडलं' म्हणजे आशाच सोडली. पण खरी तिलांजली एकदा देऊन संपतच नाही ना, ती दरवर्षी परत द्यायची असते. ज्याला कायमचं सोडलं त्याच्यासाठी दरवर्षी तीळ कोण घेऊन बसेल? आपल्या भाषेतलं 'सोडणं' हे असं होतं, हात उघडा करायचा, पण पुढच्या वर्षी परत ओंजळ धरायची.

मराठीत मित्राच्या शोकाचं सगळ्यात जुनं रूप बहुतेक आळंदीचं. १२९६ साली ज्ञानदेवांनी समाधी घेतली, नामदेव तिथे होते आणि नंतर पन्नासहून जास्त वर्षं जगले, आणि त्या समाधीचे अभंग त्यांच्या नावावर आहेत. कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत अजून तो प्रसंग कीर्तनात येतो आणि सातशे वर्षांनी मंडळी डोळे पुसतात.

मग आता सगळे जे 'मूव्ह ऑन कर' सांगतात ते आलं कुठून? बरंचसं युरोप-अमेरिकेतून. १९१७ साली व्हिएन्नाच्या एका डॉक्टरने लिहिलं की शोक म्हणजे गेलेल्या माणसात अडकलेलं मन तुकड्यातुकड्याने सोडवून घ्यायचं काम, ते पुरं झालं की मन मोकळं. हीच कल्पना पुढे समुपदेशनात रुजली. पण १९२० मधे त्याच डॉक्टरची मुलगी फ्लूने गेली आणि १९२९ मधे, मुलगा गमावलेल्या एका सहकाऱ्याला पत्र लिहिताना तोच म्हणतो की गेलेल्याची जागा कशानेच भरत नाही आणि ते तसंच असायला हवं. सिद्धांत सगळीकडे पोचला, पत्र तेवढं पोचलं नाही. १९६९ मधे शोकाच्या त्या पाच पायऱ्या आल्या, नकार, राग वगैरे, त्या मुळात स्वतः मरणाच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून मांडलेल्या होत्या, मागे राहिलेल्यांना त्या नंतर चिकटवल्या गेल्या आणि आता व्हॉट्सॲपवर फिरतात.

१९८९ मधे अमेरिकेत एका संशोधकाने ज्या दुःखाला समाज दुःख मानत नाही त्यावर पुस्तक काढलं, त्यात मित्राचं दुःख थेट बसतं. १९९६ मधे आणखी काहींनी एका पुस्तकात मांडलं की नातं तोडायचं नसतं, ते वेगळ्या रूपात चालू राहतं आणि त्यात आजार काही नाही. गंमत नाही, मला हे वाचून भरून आलं होतं, कारण त्याच पुस्तकात जपानी लोकांच्या पूर्वजपूजेवर एक प्रकरण आहे. २०१९ मधे ऑस्ट्रेलियातल्या २६,५१५ लोकांच्या माहितीवर अभ्यास आला, त्यातल्या ९,५८६ जणांचा जवळचा मित्र किंवा मैत्रीण गेली होती आणि त्याचा तब्येतीवर, मनावर परिणाम चार वर्षांपर्यंत दिसत होता. चार वर्षं! २०२२ मधे अमेरिकन मानसोपचाराच्या नियमपुस्तकात लांबलेला शोक आजार म्हणून घातला, मोठ्या माणसांसाठी किमान १२ महिन्यांची अट, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत ६ महिने. शोकाला मुदत घालावी का यावर भांडण चालूच आहे, पण दोन्हीकडे 'जवळची व्यक्ती' चालते, रक्ताचं नातं विचारत नाहीत.

आणि मधे कोविड येऊन गेला. एप्रिल २०२१ मधे अंत्यविधीला २० माणसांची मर्यादा होती. वीसात घरचे बसले, ते बरोबरच होतं, माझा नंबर लागणार नव्हता. माझा दोस्त गेला ते मला मेसेजने कळलं आणि मी गॅलरीत उभा राहिलो, बाकी काही करताच आलं नाही. किती जणांचं असं झालं असेल, खांदा द्यायचा राहून गेला. त्या दोन वर्षांमुळेच हा विषय आता लोक बोलायला लागलेत असं मला वाटतं.

दहाव्या दिवशी त्याच्या मुलाचा घाटावरून फोन आला. कावळा शिवत नव्हता, तासभर झाला होता. "काका, बाबांचं काय राहिलं होतं हो? तुम्हालाच माहीत असेल." माझ्या दोस्ताला गावच्या शाळेत आईच्या नावाने पाण्याची टाकी बांधायची होती, ते त्याने घरी कधी बोलून दाखवलं नव्हतं, मला मात्र दर दिवाळीला सांगायचा. मी सांगितलं, पोराने फोन चालू ठेवूनच मोठ्याने तसा शब्द दिला. पुढे कावळा शिवला की दर्भाचा करून लावला हे मी अजून विचारलेलं नाही.

टाकी झाली. त्या वर्षीच्या सर्वपित्रीला गुरुजी आप्तपर्यंत आले आणि थांबले, मी नाव सांगितलं, गोत्र कश्यप म्हणालो, आणि अंगठ्याच्या बाजूने पाणी सोडलं.