टपाली भूमिकाखेळ

टेबलाभोवती बसून खेळायचा रोलप्लेइंग खेळ एकमेकांना न भेटता, पत्रांनी किंवा लेखी निरोपांनी खेळण्याची पद्धत. मूळ खेळात चार-पाच जण एकेक पात्र घेतात. सूत्रधार (या प्रकारातल्या सर्वांत प्रसिद्ध ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात डंजन मास्टर, बोलताना नुसता ‘डीएम’) प्रसंग सांगतो आणि ‘आता तू काय करतोस?’ असे विचारतो. जिथे यशाची खात्री नसते तिथे फासे पडतात. हे सगळे तोंडी चालते. टपाली प्रकारात सूत्रधार प्रसंग लिहून पाठवतो, प्रत्येक खेळाडू आपल्या पात्राची कृती लिहून कळवतो, आणि त्या सगळ्या कृतींची मोट बांधून सूत्रधार पुढचा प्रसंग लिहितो. कागदी पत्रांची जागा पुढे ईमेलने आणि मोबाइलवरच्या निरोपांनी घेतली, तरी पद्धतीचे गुण आणि तिची दुखणी बहुतेक जुनीच राहिली.

टपालाने खेळणे या खेळांपेक्षा फार जुने आहे. लंडन आणि एडिंबरो येथील बुद्धिबळ मंडळांचा पत्रांनी झालेला सामना 1824 ते 1828 असा चार वर्षे चालला आणि एडिंबरोने तो जिंकला. बुद्धिबळाला टपाल मानवते, कारण पट दोघांसमोर उघडा असतो, पंचाची गरज नसते आणि नशिबाला जागा नसते. अ‍ॅलन कॅलहॅमर यांच्या ‘डिप्लोमसी’ (1959) या सात जणांच्या खेळातही फासे नाहीत. तह करायचे, मोडायचे आणि सगळ्यांच्या चाली एकदम उघड करायच्या. सात माणसे एका खोलीत जमवणे अवघड, म्हणून 1963 मध्ये अमेरिकेत जॉन बोर्डमन यांनी ‘ग्राउस्टार्क’ या हौशी पत्रिकेतून तो टपालाने सुरू केला. खेळातल्या एका वर्षात दोन चाली होतात. प्रत्येक चालीला तीन आठवड्यांची मुदत धरली, तर खेळातली दहा वर्षे संपायला खरे साठ आठवडे, म्हणजे वर्षाहून जास्त काळ लागतो.

फासे आले की गाडी अडते. बाल्टिमोरच्या अ‍ॅव्हलॉन हिल या कंपनीने आपल्या युद्धखेळांसाठी यावर नामी तोड काढली होती. हल्ला करणारा आधीच एका शेअरचे नाव आणि पुढची एक तारीख लिहून कळवी. त्या दिवशी त्या शेअरची जी उलाढाल वर्तमानपत्रात छापून येई, तिच्या आकड्यावरून तक्त्यात पाहून फाशाचे दान ठरे. शेअर बाजार कोणालाच हलवता येत नसल्यामुळे भांडणाला जागा उरत नसे. पुढे 1970 मध्ये रिक लूमिस यांनी ‘न्यूक्लियर डिस्ट्रक्शन’ या खेळाने टपाली खेळांना धंद्याचे रूप दिले. खेळाडू दर चालीमागे पैसे भरत. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 मध्ये आला तेव्हा टपाली खेळाची सवय अशी आधीच मुरलेली होती. मात्र या नव्या खेळाला फासे तर लागतातच, वर पंच लागतो, आणि मुख्य म्हणजे सतत बोलणे लागते. टपालाला सर्वांत जड जाते ते हे बोलणे.

तरी लोक असे खेळतात, याचे पहिले कारण वेळ. नोकरी, कामाच्या पाळ्या, लहान मुले यांतून पाच माणसांची एकच मोकळी संध्याकाळ काढणे किती कठीण असते, हे ज्याने प्रयत्न केला त्याला ठाऊक आहे. टपाली खेळात प्रत्येक जण आपापल्या सवडीने लिहितो. पुण्यात सकाळचे आठ वाजतात तेव्हा न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे साडेनऊ किंवा उन्हाळ्यात साडेदहा झालेले असतात. कॉलेजातली टोळी अशी दोन खंडांत विखुरली, तर लेखी खेळ हाच सोयीचा मार्ग उरतो.

दुसरा फायदा कमी बोलला जातो, पण मोठा आहे. टेबलावर मोठ्या आवाजाचा, हजरजबाबी माणूस नकळत खेळ ताब्यात घेतो. कागदावर आवाज नसतो. बुजरा खेळाडू, अडखळत बोलणारा, ऐकू न येणारा किंवा खेळाची भाषा परकी असलेला माणूस दोन दिवस विचार करून चार ओळी लिहितो, आणि अनेकदा त्याच सर्वांत लक्षात राहतात. पात्राच्या मनात काय चालले आहे हेही लिहिता येते. तोंडी खेळात ते सांगणे कृत्रिम वाटते.

गुपिते राखायला तर टपालासारखे साधन नाही. टेबलावर सूत्रधाराने एखाद्याच्या हातात चिठ्ठी सरकवली की बाकीच्यांचे कान टवकारतात. टपालात ज्याला त्याला स्वतंत्र पत्र जाते आणि कोणाला काय कळले याचा पत्ता लागत नाही. टोळी फुटून दोघे तळघरात आणि दोघे राजवाड्यात गेले तरी कोणी जांभया देत बसत नाही. शिवाय सगळे लेखी राहते: सहा महिन्यांपूर्वी सराईवाल्याने नेमके काय सांगितले होते, हे जुने पत्र काढून पाहता येते. सूत्रधाराला याची धास्तीही असते, कारण त्याची विसंगतीही तशीच पकडली जाते.

या खेळाची खरी कसोटी लागते ती लढाईत. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या 2014 च्या आवृत्तीत लढाईची एक फेरी म्हणजे कथेतले सहा सेकंद. चार खेळाडू आणि शत्रू असे पाच जण ओळीने रोज एकाने लिहायचे म्हटले, तर चार फेऱ्यांच्या म्हणजे 24 सेकंदांच्या झटापटीला 20 दिवस लागतात. तोवर थरार कुठला उरायचा! म्हणून सराईत सूत्रधार वैयक्तिक क्रम मोडतात: आधी शत्रूंचे वार, मग सगळ्या खेळाडूंच्या कृती, ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने. फासे अनेकदा सूत्रधारच टाकतो, आणि खेळाडू ‘दार उघडले तर बाण सोडतो, नाही तर मागे सरतो’ अशा जर-तरच्या सूचना पाठवतात. दर खेपेला फासे मागण्याऐवजी ‘पॅसिव्ह पर्सेप्शन’सारखा (पात्राला न शोधता सहज किती जाणवते ते सांगणारा) ठरीव आकडा वापरूनही पत्रांचा एक फेरा वाचतो. ईमेलच्या काळात शेअरच्या उलाढालीच्या आकड्यांची जागा फासे टाकून निकाल थेट सर्वांना पाठवणाऱ्या संगणकीय सोयींनी घेतली, त्यामुळे विश्वासाचा प्रश्न जवळजवळ मिटला.

लढाईपेक्षाही चिवट दुखणे म्हणजे साधा निर्णय. ‘डावीकडे जायचे की उजवीकडे?’ हा प्रश्न टेबलावर अर्ध्या मिनिटात सुटतो. पत्रात चौघेही सभ्यपणे ‘तुम्ही म्हणाल तसे’ लिहितात आणि टोळी आठवडाभर त्याच तिठ्यावर उभी राहते. विनोदाचाही घोळ होतो. पात्राने पात्राला मारलेला टोमणा हसऱ्या चेहऱ्याशिवाय वाचला की तो खेळाडूलाच लागतो.

बहुतेक टपाली मोहिमा, म्हणजे प्रसंगामागून प्रसंग सलग चालणाऱ्या कथा, कोणी हरल्यामुळे संपत नाहीत. कोणीतरी लिहायचे थांबतो, बाकीचे त्याची वाट पाहतात, आणि कोणी काही जाहीर न करताच खेळ विरून जातो. ‘डिप्लोमसी’त चाल आली नाही तर त्या खेळाडूचे सैन्य जागच्या जागी उभे राहते, आणि खेळ पुढे सरकतो. पण एखादी मांत्रिक बाई ऐन झटापटीत पुतळ्यासारखी उभी राहिली तर कथेचा विचका होतो. त्यामुळे मुदत आधीच ठरवावी लागते, आणि उत्तर न आल्यास त्या पात्राचे काय करायचे तेही. भार शेवटी सूत्रधारावरच पडतो: तोंडी खेळात तो निम्मे काम हावभावांवर निभावतो, इथे प्रत्येक वाक्य लिहावे लागते. सूत्रधार दमला की मोहीम आटोपते.

म्हणून टपालासाठी कथा निवडतानाच विचार हवा. भुयारामागून भुयार आणि राक्षसामागून राक्षस असला मसाला टेबलालाच शोभतो. दरबारी कारस्थाने, तपास, लांबचा प्रवास, घराण्यांची वैरे हे विषय सावकाशीत उलट खुलतात. मिखाऊ ओराच यांच्या ‘डे प्रोफुंडिस’ या पोलिश खेळाने (इंग्रजीत 2001) तर टेबलाची नक्कल करणेच सोडून दिले. त्यात सूत्रधार नाही. खेळाडू आपल्या पात्राच्या नावाने एकमेकांना भयकथेच्या वळणाची पत्रे लिहितात, आणि ती पत्रे हाच खेळ. एरवी मोहिमेचा जीव घेणारी शांतताही तिथे वाया जात नाही: उत्तराला उशीर झाला, तर पुढच्या पत्रात त्या मित्राचे काय बरेवाईट झाले असेल याची काळजी लिहिता येते.