सातबारा ऑनलाइन झाला म्हणून जमीन जागतिक बँकेकडे गेली नाही

गणपतीला चाकरमानी गावी आले की रत्नागिरी-सिंधुदुर्गात ही चर्चा हमखास निघते: सातबारा जागतिक बँकेच्या पैशाने ऑनलाइन झाला, त्यामुळे आपल्या कलमांच्या बागा त्यांच्याकडे गहाण पडल्यात. हे साफ खोटं आहे, आणि या भीतीपोटी वारसनोंद टाळणारी माणसं बघितली की जीव तुटतो.

जमिनीच्या नोंदी संगणकावर आणायला केंद्राने १९८८-८९ मध्येच पैसे द्यायला सुरुवात केली. २००८ मध्ये त्याचा राष्ट्रीय कार्यक्रम झाला. ई-फेरफारची, म्हणजे सातबाऱ्यावरचे बदल ऑनलाइन नोंदवायची प्रणाली एनआयसी या सरकारी संस्थेनेच बनवली.

जागतिक बँकेने २०११ मध्ये भारताला ई-गव्हर्नन्ससाठी १५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं, हे खरं. पण असं धोरणात्मक कर्ज देशाच्या तिजोरीत जमा होतं, फेडतं केंद्र सरकार. त्याला कुणाचा सातबारा तारण नसतो.

कोकणातला खरा धोका सामायिक खात्यात, म्हणजे एकाच सातबाऱ्यावर अनेक हिस्सेदारांची नावं असण्यात आहे. उतारा काढा, पंधरा रुपये लागतात. त्यात पणजोबांचं नाव अजून असेल, चुलत्यांपैकी निम्मे वारलेले असतील, तर गाव सोडण्याआधी मृत्यूदाखले घेऊन वारसनोंदीचा अर्ज द्या.