हा आपटा नव्हे, कांचन

नवरात्राची सातवी-आठवी माळ आली की मंडईबाहेर फांद्यांचे ढीग लागतात. ‘सोनं घ्या, सोनं’ अशी हाक चालू असते. मी दरवर्षी त्या ढिगाशी थांबते, एखाद्या फांदीचं जून पान उलटून बघते, आणि बहुतेक वेळा ते आपट्याचं नसतं, कांचनाचं निघतं.

मी बागा आखून देते. सणासुदीला घरांच्या आणि सोसायट्यांच्या दारांची सजावटही करते. त्यामुळे हा घोळ मला दोन ठिकाणी भेटतो, तोरणात आणि रोप लावायच्या खड्ड्यात. तोरणातली चूक दुसऱ्या दिवशी निर्माल्यात जाते. खड्ड्यातली चूक पुढची कित्येक वर्षं अंगणात उभी राहते.

आपट्याचं सोनं कसं झालं त्या गोष्टीतले कौत्स, रघुराजा, चौदा कोटी मोहरा हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, ते परत सांगत नाही. आपटा आणि कांचन ही एकाच कुळातली भावंडं, एवढं मात्र सांगायला हवं. दोघांचंही पान एक, पण मधोमध चिरलेलं, दोन पानं जुळून आल्यासारखं. वनस्पतिशास्त्रात या गटाला बौहिनिया म्हणतात. बौहिन आडनावाच्या दोन शास्त्रज्ञ भावांवरून ते नाव पडलं. जोडपान बघून दोन भाऊ आठवावेत, हे मला फार आवडतं.

आता खरी गोम. ‘लहान पान आपट्याचं, मोठं पान कांचनाचं’ हा नियम सगळ्यांना पाठ आहे, आणि याच नियमाने माणसं फसतात. कारण विकायला येतात ते शेंडे. कांचनाच्या शेंड्याची कोवळी पानं दोन बोटं रुंद, गोलसर, अगदी आपट्यासारखी दिसतात. मोठी पानं आधीच खुडून टाकलेली असतात. नर्सरीतल्या वीतभर रोपाचंही तेच. त्या वयात कांचनही लहान पानाचाच असतो.

म्हणून शेंड्याकडे बघूच नका. फांदी हातात घ्या, बोट खाली खाली न्या आणि सगळ्यात जून पान धरा. आपट्याचं पान जून झालं तरी सहसा तीन-चार बोटांत मावतं, आणि ते उंचीपेक्षा रुंदीला जास्त असतं. कांचनाचं जून पान तळहात झाकतं. पण नजरेवर थांबू नका, पान चिमटीत धरा. आपट्याचं पान जाड, चामड्यासारखं लागतं, दुमडलं तर विरोध करतं. कांचनाचं पातळ असतं आणि तोडल्यावर दुपारपर्यंत मान टाकतं. मग ते उलटं करा. आपट्याची पाठ राखाडी, आणि तिच्यावर बारीक मऊ लव असते. अंगठा फिरवला की जुन्या सुती धोतरासारखी लागते. कांचनाच्या जून पानाची पाठ बरीचशी गुळगुळीत आणि फिकट हिरवी. कोवळ्या कांचनाला थोडी लव असू शकते, म्हणून पुन्हा सांगते, जून पानच बघा.

‘चीर किती खोल ते बघा’ असाही सल्ला फिरत असतो. तो सोडून द्या. कांचनातच देवकांचन आणि रक्तकांचन असे प्रकार आहेत. देवकांचनाची चीर खोल असते, रक्तकांचनाची उथळ. त्यावरून आपट्याचा निकाल लावता येत नाही.

फुलांचं मात्र थोडक्यात आटपतं. देवकांचन दसऱ्याच्या आगेमागे फुलायला लागतो, म्हणून फांदीवर लांबट, गुलाबी-जांभळी कळी दिसली की प्रश्न मिटला. रक्तकांचन थंडी सरताना, पानं झडलेली असताना फुलतो. आपट्याची फुलं उन्हाळ्यात येतात, बारीक, पिवळट पांढरी, तुऱ्यांनी. दसऱ्याला आपट्यावर फूल शोधायला जाऊ नये. (हाँगकाँगच्या झेंड्यावरचं फूल म्हणजे या देवकांचन-रक्तकांचनाचा संकर. त्याला बी धरत नाही, कलमानेच वाढवावा लागतो.) शेंगा आणि साल यांतही फरक आहेत, पण तुमचं काम पानावर भागेल.

खड्ड्यातल्या चुकीचा अनुभव माझा स्वतःचा आहे. एका सोसायटीने कुंपणालगतच्या मुरमाड उतारावर आठ आपटे मागितले. दसऱ्याला आपलं सोनं आपल्याच आवारातलं असावं, अशी तिथल्या आजींची इच्छा. नर्सरीतून ‘आपटा’ अशी पाटी लावलेली रोपं आली, मी ती लावून घेतली. तिसऱ्या दिवाळीला आठही झाडं गुलाबी फुलली. आजींना फुलं आवडली, पण ‘अगं, सोनं कुठाय?’ हा त्यांचा प्रश्न मला अजून बोचतो. तेव्हापासून मी पाटी वाचून रोप घेत नाही. मोठं मातृझाड दाखवा म्हणते, नाहीतर बी आणून आपणच रोप करते. शेंगेतलं बी कडक असतं. गरम पाण्यात घालून रात्रभर ठेवलं की पावसाच्या तोंडाशी रुजतं.

बागेच्या दृष्टीने ही दोन झाडं एकमेकांच्या जागी चालतच नाहीत. देवकांचन भराभर वाढतो, लवकर फुलतो. तो फाटकापासून दारापर्यंतच्या वाटेवर लावावा. दिवाळीत त्याच्या पाकळ्या रांगोळीशेजारी पडलेल्या असतात, तेव्हा वेगळी सजावट लागत नाही. आपटा वाढायला सावकाश, बुंधा वाकडा, फांद्या खाली झुकलेल्या. दसऱ्याला म्हणतात त्या श्लोकात त्याला महावृक्ष म्हटलंय, पण प्रत्यक्षात तो बुटकाच असतो. सरळ रांगेत, छाटून, खांबासारखा उभा करायला बघाल तर बिघडेल. त्याला उतार द्या, मुरूम द्या, पहिले दोन उन्हाळे पाणी द्या, मग सोडून द्या. आपल्या कोरड्या डोंगरांवर तो असाच वाढतो. शेजारी एखादा मोठा दगड असला तर त्याची वाकडी फांदी त्यावर फार शोभते. मला विचाराल तर छोट्या अंगणात मी डोळे मिटून आपटाच लावीन.

आणि दाराचं म्हणाल, तर दसऱ्याच्या तोरणात मी आपट्याची पानं ओवत नाही. तोरणाला आंब्याचे डहाळे, झेंडू, आणि मिळाल्या तर कोकणातल्यासारख्या भाताच्या ताज्या लोंब्या. या तिन्हींचे रंग एकमेकांना पुरेसे आहेत. सोनेरी कागदाची कापलेली पानं तर मी कोणाच्या दाराला लावू देत नाही. आपट्याची पानं पितळेच्या ताटलीत उंबऱ्याजवळ ठेवावीत, येणाऱ्याने एक उचलून आपल्याला द्यावं. वीस माणसं येणार असतील तर वीस पानं पुरतात. ती झाडाच्या खालच्या फांद्यांवरून देठासकट, एकेक खुडावीत. फांदी मोडावी लागत नाही.