एका फॉस्फेटवरून पेटलेला प्रश्न

आतड्यातले जिवाणू टिकतात कसे, याचं श्रेय बराच काळ शरीराच्या सहनशीलतेलाच दिलं गेलं. १९९८ मध्ये उंदरांवरच्या कामातून कळलं, की टीएलआर-४ हा ग्राहक (पेशीवरचं, खुणा ओळखणारं प्रथिन) जिवाणूच्या आवरणातलं एलपीएस, म्हणजे मेद आणि शर्करा यांचं संयुग, ओळखून दाह सुरू करतो. पण एलपीएस तर आतड्यातल्या निरुपद्रवी जिवाणूंकडेही असतं. २००८ मध्ये उंदराच्या मोठ्या आतड्यातला श्लेष्माचा आतला थर जवळपास जिवाणूमुक्त आढळला, आणि अंतर राखलं की भांडण टळतं, हे मत बळावलं.

जिवाणूंची बाजू नीट पुढे आली ती २०१५ मध्ये. आतड्याच्या पेशी जिवाणूनाशक पेप्टाइडं, म्हणजे प्रथिनांचे छोटे तुकडे, सोडतात. त्यांच्यावर धन प्रभार असतो, त्यामुळे ती ऋण प्रभाराच्या फॉस्फेटला चिकटून आवरण फोडतात. बॅक्टेरॉइड्स थीटायोटाओमायक्रॉन हा आतड्यातला जिवाणू एका विकराने (एन्झाइमने) एलपीएसच्या मुळाशी असलेल्या लिपिड ए-वरचा एक फॉस्फेट काढून टाकतो. या विकराचं जनुक काढलेला जिवाणू शांत आतड्यात राहू शकला. दाह उसळल्यावर मात्र मूळ जिवाणूपुढे त्याची पीछेहाट झाली.

इथेच खरा वाद आहे. ई. कोलाय या आतड्यातल्याच दुसऱ्या जिवाणूच्या लिपिड ए-वर सहसा सहा मेदाम्ल-साखळ्या आणि दोन फॉस्फेट असतात. बॅक्टेरॉइड्सकडे साधारण पाच आणि एक. एवढ्या फरकाने टीएलआर-४ जवळजवळ गप्प राहतो. मग हा बदल पेप्टाइडांपासून बचावासाठी झाला की पहारेकऱ्याला, म्हणजे टीएलआर-४ला, चकवण्यासाठी? सरसकट ‘चकवा’ म्हणणं मला घाईचं वाटतं. वरच्या प्रयोगात दाह सुरू झालेलाच होता, म्हणजे शरीर जागं होतं. जिवाणू लपला नाही, मारा सोसून टिकला. शिवाय २००४ मध्येच दिसलं होतं, की जिवाणू ओळखणारी यंत्रणा बंद केलेल्या उंदरांचं आतडं इजेतून नीट सावरत नाही. ओळख पटणं शरीराच्याही हिताचं आहे.

२०१६ मध्ये हा मुद्दा फिनलंड, एस्टोनिया आणि रशियातल्या कारेलियाच्या बाळांपर्यंत पोचला. टाइप १ मधुमेह (प्रतिकारयंत्रणा शरीराच्याच पेशींवर उलटल्याने होणारा) जास्त असलेल्या पहिल्या दोन देशांतल्या बाळांमध्ये बॅक्टेरॉइड्सचं प्रमाण मोठं होतं. त्यांचं एलपीएस स्वतः गप्प राहतंच, वर ई. कोलायच्या एलपीएसचा परिणामही दाबतं. मधुमेहप्रवण उंदरांना ई. कोलायचं एलपीएस टोचल्यावर आजार लांबला. बॅक्टेरॉइड्सच्या एलपीएसने तसं झालं नाही.