ॲक्सेसमध्ये वाचनालय: कोणत्या फील्डला कोणता डेटा टाइप?

वाचनालयाची नोंद मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये, म्हणजे माहिती टेबलांत साठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, आणायची ठरली की बहुतेक जण देवघेवीच्या वहीसारखे एकच लांबलचक टेबल करतात. सभासद, फोन, पुस्तक, लेखक, तारखा, सगळे एका ओळीत. मग फोन बदलला की त्या सभासदाच्या सगळ्या जुन्या ओळी दुरुस्त कराव्या लागतात आणि एखादी राहूनच जाते.

टेबले चार हवीत: सभासद, ग्रंथ, प्रती, देवघेव. ग्रंथ आणि प्रती वेगळ्या ठेवायच्या, कारण एका पुस्तकाच्या पाच प्रती असल्या तरी शीर्षक आणि लेखक एकदाच लिहायचे असतात. दाखल क्रमांक, म्हणजे वाचनालयात आलेल्या प्रतीला दिलेला नोंदणी क्रमांक, मात्र प्रत्येक प्रतीचा स्वतंत्र. सभासद घरी नेतो ती प्रत, म्हणून देवघेवीत प्रतीचीच नोंद होते. दाखल क्रमांकासाठी ऑटोनंबर (ॲक्सेस प्रत्येक नोंदीला आपोआप देते तो क्रमांक) वापरू नका. अर्धवट भरून सोडलेल्या नोंदीचा आकडा तो पुन्हा देत नाही, त्यामुळे क्रमात खंड पडतो.

आता डेटा टाइप, म्हणजे टेबलातल्या प्रत्येक रकान्यात (फील्डमध्ये) कोणत्या प्रकारची माहिती बसेल ते. मोबाइल नंबर दहा आकड्यांचा दिसतो म्हणून ‘नंबर’ निवडला, तर त्यातल्या ‘लाँग इंटिजर’ या पूर्णांकांच्या प्रकाराची मर्यादा 2,14,74,83,647 इतकीच असते आणि 6 ते 9 ने सुरू होणारा नंबर त्यात मावतच नाही. ‘डबल’ या दशांश संख्यांच्या प्रकारात मावेल, पण पुण्याच्या लँडलाइनच्या 020 मधले पहिले शून्य गळेल. ज्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी कधीच करायची नाही, ते सगळे ‘शॉर्ट टेक्स्ट’: फोन, पिनकोड, आधार, बँक खाते.

वर्गणी, अनामत, दंड यांना ‘करन्सी’च. ‘डबल’ संख्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त 0 आणि 1 या अंकांत, साठवतो आणि त्या पद्धतीत 0.1 नेमका लिहिता येत नाही. त्यामुळे 0.1 दहा वेळा मिळवला तर बरोबर 1 येत नाही, आणि ‘बाकी शून्य असलेले सभासद’ शोधताना काही जण यादीतून सुटतात. ‘करन्सी’ रकमेला 10,000 ने गुणून पूर्णांक ठेवते, म्हणून चार दशांश स्थळांपर्यंतची बेरीज चोख येते.

तारीख आतून एक संख्याच असते: 30 डिसेंबर 1899 पासूनचे दिवस. 1 जानेवारी 2000 म्हणजे 36526, आणि त्या दिवशी संध्याकाळचे सहा म्हणजे 36526.75. म्हणूनच दिल्याच्या तारखेत 15 मिळवले की परतीची तारीख मिळते. पण फील्डच्या ‘डीफॉल्ट व्हॅल्यू’त (नव्या नोंदीत आपोआप भरल्या जाणाऱ्या किमतीत) ‘नाऊ()’ दिले, तर तारखेबरोबर वेळही साठते आणि नुसत्या तारखेने शोधल्यावर एकही नोंद हाती लागत नाही. तिथे फक्त तारीख देणारे ‘डेट()’ हवे. तारीख ‘टेक्स्ट’मध्ये ठेवणे तर त्याहून वाईट: 02/12/2024 ही 10/01/2024 च्या आधी लागते.

मराठी नावांकडे जरा जास्त लक्ष द्यावे लागते. ‘ज्ञानेश्वर’मध्ये डोळ्यांना चार अक्षरे दिसतात, संगणक मात्र दहा मोजतो, कारण हलन्त आणि काना-मात्राही स्वतंत्र धरल्या जातात. पूर्ण नावाला ‘फील्ड साइझ’ (फील्डमधली कमाल अक्षरसंख्या) 50 अपुरी पडू शकते, 150 ठेवा. ‘शॉर्ट टेक्स्ट’ची कमाल मर्यादा 255 आहे, आणि मर्यादा मोठी ठेवली म्हणून फाइल फुगत नाही, कारण प्रत्यक्ष लिहिलेला मजकूरच साठतो. ‘कुऱ्हाडे’मधला ‘ऱ्ह’ मात्र दोन रीतींनी टाइप होतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आतले संकेत मात्र वेगळे, त्यामुळे शोधात एक सापडतो आणि दुसरा नाही. सर्व संगणकांवर एकच कीबोर्ड-मांडणी ठेवणे हाच त्यावरचा खरा उपाय.

शेवटी टेबले जोडायची. सभासद टेबलातला क्रमांक ऑटोनंबर असेल, तर देवघेवीतला सभासद क्रमांक ‘नंबर’, ‘लाँग इंटिजर’ असायला हवा. ‘टेक्स्ट’ असला तर संबंध जुळत नाही. टेबले जोडण्याच्या ‘रिलेशनशिप्स’ खिडकीत ‘एन्फोर्स रेफरेन्शियल इंटिग्रिटी’वर खूण करा, म्हणजे अस्तित्वात नसलेल्या सभासदाच्या नावे पुस्तक जाणार नाही. मात्र त्याआधी देवघेवीतल्या त्या फील्डच्या ‘डीफॉल्ट व्हॅल्यू’तला 0 पुसा. तो तसाच राहिला आणि सभासद निवडायचा राहून गेला, तर ॲक्सेस 0 क्रमांकाचा सभासद शोधते आणि नोंद नाकारते.