समुद्र बंद असतो तेव्हा

गोव्यात पावसाळ्यात समुद्र बंद करण्याची रीत ‘प्रवेश बंद’च्या पाट्यांपेक्षा फार जुनी आहे. मांडवीच्या मुखाशी, आग्वाद किल्ल्याच्या खाली, पावसाळ्यात वाळूचा बांध चढतो आणि पणजीकडे येणारी वाट जहाजांना धोक्याची होते. पोर्तुगीज अमलात या दिवसांत जहाजे आग्वादची वाट सोडून मुरगावचा आसरा घेत. १० ऑगस्टला सिकेरीच्या टेकडीवर सांत लोरेन्सचे फेस्त, म्हणजे ख्रिस्ती उत्सव, भरते, ते ही वाट पुन्हा खुली झाल्याचा आनंद म्हणूनच. आपल्याकडे रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे मच्छीमार, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतात आणि मग होड्या पाण्यात लोटतात. फेस्त आणि पौर्णिमा साधारण एकाच सुमारास येतात, कारण दोन्ही समाज एकाच समुद्राकडे पाहून दिवस मोजत आले.

माझी आजी पेडणे तालुक्यातल्या केरीची. श्रावणातली पुनव होईपर्यंत आम्हा पोरांना किनाऱ्यावर पाऊल टाकू देत नसे. कारण विचारलं तर म्हणायची, ‘तो आता आपला नाही.’ ही बंदी कुठे लिहिलेली नव्हती आणि मोडायचा विचारही कुणाच्या मनात येत नसे, कारण सांगणारी बाई घरातली होती आणि तिच्या ओळखीत समुद्राने नेलेली माणसं होती.

मग माणसं बदलली. १९६१ च्या मुक्तीनंतर साठीच्या दशकाच्या अखेरीस कळंगुट-हणजूणला परदेशी तरुण येऊन राहू लागले. १९८७ मध्ये चार्टर विमाने सुरू झाली, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. तरीही बराच काळ जून ते सप्टेंबर हा पर्यटनातला मोकळा काळच होता. किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे तात्पुरती झोपडीवजा उपाहारगृहं, मोडून ठेवलेले, हॉटेलं अर्धी बंद. पुढे ‘पावसाळी गोवा’ ही जाहिरातीची गोष्ट झाली आणि स्वस्त खोल्या, लांबलेला शनिवार-रविवार, रात्रीची गाडी असा बेत सोलापूर, अकोला, बेळगाव, हुबळीपर्यंत पोहोचला. म्हणजे समुद्र ज्या चार महिन्यांत बंद असायचा, त्याच महिन्यांत त्याच्याकडे माणसं पाठवायला आपण सुरुवात केली. यात दोष पाहुण्यांचा कमी आणि आपला जास्त, असं मला ठामपणे वाटतं.

पावसाळ्यात किनाऱ्याचं नेमकं काय होतं, हे इथे सांगायला हवं, कारण पाण्यात उतरू नका असं सांगणाऱ्या लाल बावट्यामागचं कारण तेच आहे. नैऋत्येकडून येणाऱ्या मोठ्या लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून आत नेतात आणि काही अंतरावर पाण्याखाली वाळूचे पट्टे तयार होतात. लाटा त्या पट्ट्यांवरून पाणी किनाऱ्याकडे ढकलत राहतात. ते पाणी परत जायला पट्ट्यातली एखादी फट शोधतं आणि तिथून अरुंद, जोरदार ओढीने आत जातं. या ओढीच्या जागी लाट फुटत नाही. दोन्ही बाजूंना फेस उसळत असताना मधला पट्टा शांत, जरा गडद दिसतो. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो, कारण तिथे पाणी ‘बरं’ दिसतं. पाय सुटले की तो किनाऱ्याच्या दिशेने, म्हणजे ओढीच्या थेट विरुद्ध, पोहू लागतो आणि दमतो. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत गेलं तर काही अंतरावर ओढ संपते. पण घाबरलेल्या माणसाला हे त्या क्षणी सुचणं कठीण, आणि ज्याला पोहताच येत नाही त्याला सुचूनही उपयोग नाही. फटीची जागाही बदलते. काल जिथे उतरलो तिथे आज ओढ असू शकते, म्हणून ‘मी इथे दरवर्षी येतो’ या अनुभवाला जूनमध्ये किंमत नसते.

राज्य सरकारने २००८ मध्ये किनाऱ्यांवरचं जीवरक्षणाचं काम दृष्टी या खासगी संस्थेकडे दिलं. त्याआधी वर्षाला सुमारे २०० माणसं बुडत, असा आकडा वारंवार सांगितला जातो. जीवरक्षकांचे मनोरे, जीप, शिट्ट्या आल्यावर चित्र बरंच पालटलं, हे मान्य करायला हवं. लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधे पोहायचं, नुसता लाल बावटा असेल तर पाण्यात जायचं नाही, ही खूणभाषा तेव्हापासून रुळली. पावसाळ्यात सगळीकडे लालच.

पण जीवरक्षक सकाळी साडेसातला येतात आणि समुद्र चोवीस तास तिथेच असतो. ११ जून २०१८ रोजी अकोल्याहून आलेल्या मित्रांच्या जथ्यातले पाच जण कळंगुटला भल्या सकाळी, मनोऱ्यावर कुणी नसताना, समुद्रात उतरले आणि बुडाले. रात्रभर प्रवास करून आलेली पोरं समोर समुद्र दिसल्यावर साडेसातपर्यंत थांबतील, अशी अपेक्षा होती, पण तसं कुणी त्यांच्याशी बोललंच नव्हतं. ती बातमी वाचली तेव्हा मला आजीची आठवण झाली. त्यांना थांबवायला तिथे कुणाचीच आजी नव्हती.

त्याच महिन्यात तामिळनाडूचे दोन पर्यटक बागा आणि सिकेरी इथे खडकांवर फोटो काढताना लाटांनी ओढले जाऊन गेले. त्यानंतर दृष्टीने २४ जागा सेल्फीसाठी धोक्याच्या म्हणून जाहीर केल्या: उत्तरेत बागा खाडी, सिकेरीचा किल्ला, दोनापावलाची जेटी, हणजूण, वागातोर, केरी, दक्षिणेत बोगमाळो, काब द राम, पाळोळे आणि आणखी काही. यादी नीट पाहिली तर लक्षात येतं की गोव्याच्या प्रत्येक जाहिरातीत हीच ठिकाणं असतात. जी जागा फोटोसाठी दाखवायची तिथेच फोटो नको म्हणायचं, तर पाटी किती जोरात बोलणार?

समुद्राची बंदी निदान जुनी आहे. डोंगरातली बंदी नवी, आणि ती वरखाली होत राहते. म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्यं १९९९ मध्ये जाहीर झाली. त्यांच्यातले धबधबे त्याआधी गावकऱ्यांपुरते होते. सत्तरी तालुक्यात धबधब्याखाली न्हायला जाणाऱ्या पोरांना मोठी माणसं एक खूण शिकवत: पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहून आला की आधी वर या, मग कपडे शोधा. वर घाटात पाऊस कोसळतो, खाली ऊन असतं, आणि लोंढा काही मिनिटांत येतो. ही खूण कुठल्याही पाटीवर नाही. पाटीवर फक्त ‘प्रवेश बंद’ असतं.

जुलै २०२३ मध्ये नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यात दोघे बुडाले आणि वनखात्याने अभयारण्यांतले धबधबे बंद केले. त्याच महिन्यात दूधसागरला जाण्यासाठी रुळांवरून चालत निघालेल्या ट्रेकरांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्याची चित्रफीत देशभर फिरली. ३१० मीटरचा तो धबधबा रुळावरूनच सर्वांत जवळ दिसतो. १८८८ मध्ये तयार झालेल्या या घाटमार्गावर बोगदे आहेत, वळणं आहेत, पावसाळ्यात धुकं असतं, आणि धबधब्याच्या आवाजात मागून येणारी गाडी ऐकू येत नाही. बोगद्यात गाडी आली तर बाजूला सरायला जेमतेम जागा. रेल्वे कायद्याच्या १४७ आणि १५९ या कलमांखाली कारवाईचा इशारा देत रेल्वेने तेव्हा विनवलं होतं की दूधसागर डब्यात बसूनच पाहा. उठाबशा पाहून लोक हसले. बोगद्यातल्या धोक्याबद्दल फार थोडे बोलले.

पुढच्याच वर्षी, जुलै २०२४ मध्ये, सत्तरीतल्या पाळी धबधब्यावर ८० हून अधिक माणसं नदीला अचानक पाणी चढल्याने पलीकडे अडकली. दोरखंड लावून सगळ्यांना सुखरूप बाहेर काढलं गेलं. यात पर्यटक होते तसे गोंयकारही होते.

म्हणून ‘बाहेरचे ऐकत नाहीत’ हे आपलं आवडतं वाक्य मला पटत नाही. १८ मे २०१७ ची दक्षिण गोव्यातल्या कुडचडेची घटना आठवा. पोर्तुगीज काळातला जुना पादचारी पूल मोडकळीला आल्याने वापरासाठी बंद होता. नदीत कुणी उडी घेतल्याची बातमी पसरली, शोधकाम पाहायला माणसं त्या बंद पुलावर चढली. सुमारे पन्नास जण तिथे असताना पूल कोसळला. चढलेले बहुतेक सगळे त्याच परिसरातले, पूल बंद आहे हे पुरतं ठाऊक असलेले. तो बंद होता, पण वर्षानुवर्षं तसाच उभा होता, पाडलेला नव्हता. उभ्या पुलावर लावलेली अडवणूक काही काळाने भिंतीवरच्या जुन्या पोस्टरसारखी होते, कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. चिऱ्यांच्या सोडून दिलेल्या खाणींचंही तेच. पावसाळ्यात त्या काठोकाठ भरतात, हिरवंगार शांत पाणी दिसतं, कडा सरळ तुटलेल्या, बाहेर यायला पायरी नाही. गावातलीच पोरं तिथे पोहायला जातात.

गेल्या जूनमध्ये मी किनाऱ्यावर उभा असताना एक जीवरक्षक कोल्हापूरच्या एका कुटुंबाला मागे बोलावत होता. वडील म्हणाले, ‘अहो, गुडघाभरच पाण्यात आहोत.’ तो म्हणाला, ‘काका, मी पण गुडघाभरच पाण्यातून माणसं काढतो.’ मग त्याने हात करून ओढीचा तो गडद पट्टा त्यांना दाखवला. ते पाहत राहिले, मुलांना घेऊन मागे आले आणि जाताना दुसऱ्या एका जथ्याला स्वतःहून तोच पट्टा दाखवून गेले.

दरवर्षी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. १ ऑगस्टला बंदरांतून ट्रॉलर सुटतात, पुढे पौर्णिमेला नारळ वाहिले जातात, आणि किनाऱ्यावरच्या माणसाला वाटतं की समुद्र खुला झाला. ट्रॉलर खोल पाण्यात जातात. न्हायच्या जागेतले वाळूचे पट्टे तेव्हाही हललेले असतात, ओढीच्या फटी तशाच असतात, आणि लाल बावटे सप्टेंबर संपेपर्यंत उभे असतात.